दोन व्हूडू२ एकाच मशीनमध्ये: एसएलआय लावलं, पण १०२४ × ७६८ येत नाही

बीएक्स४४०

नमस्कार मंडळी. दोन व्हूडू२ (थ्रीडीएफएक्सची जुनी ३डी ग्राफिक्स कार्डं) एसएलआयमध्ये, म्हणजे जोडीने एकच चित्र काढतील अशी, चालवायची आहेत. मांडणी अशी:

मदरबोर्ड इंटेल ४४०बीएक्स, स्लॉट १. पेंटियम थ्री ६००, बस १०० मेगाहर्ट्झ. रॅम २५६ एमबी. एजीपी स्लॉटमध्ये मुख्य ग्राफिक्स कार्ड मॅट्रॉक्स जी४००. व्हूडू२ १२ एमबीची दोन, एकाच कंपनीची, सर्किट बोर्डही सारखेच. विंडोज ९८ सेकंड एडिशन, थ्रीडीएफएक्सचा ३.०२.०२ ड्रायव्हर. एसएलआयची मूळ केबल नाही, म्हणून फ्लॉपीची ३४ पिनांची केबल लावली आहे, तिची दोन टोकं दोन कार्डांना.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डं दिसतात, पिवळं उद्गारचिन्ह नाही. पण 'अनरिअल' या खेळात ग्लाइड (थ्रीडीएफएक्सची स्वतःची ३डी प्रणाली) निवडलं की ८०० × ६०० च्या वर पर्यायच येत नाही. कुठे बघू?

---

टेक्सेल

केबलकडे बघा. "दोन टोकं" म्हणालात, तिथेच घोळ आहे.

फ्लॉपीच्या केबलला साधारण तीन कनेक्टर असतात. एक मदरबोर्डकडचा, मधला बी ड्राइव्हचा आणि शेवटचा ए ड्राइव्हचा. मधल्या आणि शेवटच्या कनेक्टरमध्ये १० ते १६ क्रमांकाच्या सात तारा पिळून उलट्या केलेल्या असतात. १० ची तार १६ वर, ११ ची १५ वर, १२ ची १४ वर जाते, १३ ची मधोमध असल्याने जागेवरच राहते. फ्लॉपीला ए आणि बी ओळखण्यासाठी हे लागतं. व्हूडू२ला मात्र १ ची १ ला आणि ३४ ची ३४ ला अशी सरळ जोडणी हवी. पीळ मध्ये आला की सहा तारा चुकीच्या पिनांवर जातात. मग ड्रायव्हरला जोडी ओळखू येत नाही आणि एकाच कार्डाच्या मर्यादेत खेळ चालतो.

मदरबोर्डकडचा आणि मधला कनेक्टर वापरा. शेवटचा पिळाचा तुकडा कापून टाकलात तरी चालेल.

आता ८०० × ६०० लाच का अडतं तेही सांगतो, कारण हा आकडा निदानाला उपयोगी पडतो. एका व्हूडू२वर फ्रेम बफर, म्हणजे पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी, ४ एमबी. १६ बिट रंगात १०२४ × ७६८ चा एक बफर १५,७२,८६४ बाइटचा. समोरचा, मागचा आणि झेड (खोलीचा) असे तीन बफर लागतात, म्हणजे ४७,१८,५९२ बाइट. ४ एमबी म्हणजे ४१,९४,३०४, त्यात ते मावत नाहीत. एसएलआयमध्ये एक कार्ड सम ओळी काढतं, दुसरं विषम. प्रत्येकाकडे ३८४ च ओळी आल्या की काम २३,५९,२९६ बाइटमध्ये भागतं. म्हणून यादीत १०२४ × ७६८ दिसणं हीच एसएलआय जुळल्याची पहिली खूण.

---

कथिल_आणि_फ्लक्स

टेक्सेल म्हणतात ते बरोबर. तरी तयार फ्लॉपी केबल वापरण्यापेक्षा छोटी केबल स्वतः दाबून घ्या. कार्डं शेजारी असताना ३०-४० सेंटिमीटरचा पट्टा कोंबला की तो कार्डांमधली हवा अडवतो.

सामान: ३४ पिनांचे दोन मादी आयडीसी (दाबले की दात तारांत टोचणारे) कनेक्टर आणि १.२७ मिलिमीटर अंतराची ३४ तारांची चपटी रिबन. रुंदी साधारण ४३ मिलिमीटर भरते. ४० तारांची मिळाली तर लाल तारेच्या विरुद्ध बाजूच्या सहा तारा सोलून काढा. लांबी ८ ते १० सेंटिमीटर.

रिबन काटकोनातच कापा. तिरकी कापली की कनेक्टरचे दात दोन तारांच्या मधोमध बसतात आणि शेजारच्या तारा एकमेकींना चिकटतात. कनेक्टरवर छोटा त्रिकोण असतो ती पिन १, लाल तार तिथे. दाबायला शिकंजा वापरा आणि दोन्ही जबड्यांवर लाकडाची पट्टी ठेवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पक्कडीने दाबू नका, एक बाजू आधी बसते आणि दुसऱ्या बाजूच्या तारा अर्धवट टोचल्या जातात.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून ३४ च्या ३४ तपासा. आधी १ ते १, २ ते २ असं सरळ. नंतर प्रत्येक पिन आणि तिची शेजारीण, तिथे बीप येता कामा नये. हे काम केबल कार्डाला लावण्याआधीच करायचं. कार्डावर काही पिना ग्राउंडला एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे लावल्यावर मोजलं तर बीप येतोच आणि काहीच कळत नाही.

काही फ्लॉपी केबलींत एक भोक प्लास्टिकने बुजवलेलं असतं. अशी केबल जोरात ढकलली की कार्डावरची पिन वाकते. आधी सुईने भोक मोकळं करा, नाहीतर दुसरा कनेक्टर घ्या.

---

पीसीआय_३३

केबलबरोबर मॉनिटरची जोडणीही तपासा. व्हूडू२ला स्वतःचं २डी नाही. जी४००च्या आउटपुटमधून निघालेली छोटी वायर व्हूडू२च्या इनपुटला जाते आणि मॉनिटर व्हूडू२च्या आउटपुटला लागतो. एसएलआयमध्ये या दोन्ही वायर एकाच कार्डाला लावायच्या, ड्रायव्हर ज्याला पहिलं मानतो त्याला. दुसऱ्याच्या मागे काहीही लावायचं नाही.

चुकीच्या कार्डाला लावलं तरी डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो, कारण पास-थ्रू, म्हणजे २डी सिग्नल तसाच पुढे सोडायची सोय, दोन्ही कार्डांत आहे. म्हणून माणूस फसतो. खेळ सुरू झाला, आवाज येतोय आणि चित्र नाही, असं झालं तर दोन्ही वायर उचलून दुसऱ्या कार्डाला लावून बघा. ड्रायव्हर उचकटण्याआधी हे करा, दोन मिनिटांचं काम आहे.

मॉनिटरला दोन इनपुट असतील तर पास-थ्रू वापरूच नका. जी४०० एका इनपुटला, व्हूडू२ दुसऱ्याला. व्हूडू२ला आत येणारा २डी सिग्नल लागत नाही. पास-थ्रूमुळे १२८० × १०२४ च्या पुढे अक्षरं पुसट होतात, ती तक्रारही मिटते.

---

चिपसेट_चिंतामणी

मी क्रमावर भर देईन. दोन्ही कार्डं एकदम बसवून मग शोधाशोध करणं म्हणजे अंधारात चाचपडणं. क्रम असा ठेवा:

१. फक्त एजीपी कार्ड ठेवून विंडोज ९८, चिपसेटची आयएनएफ फाइल, एजीपीचा ड्रायव्हर आणि डायरेक्टएक्स.

२. मशीन बंद, पॉवरची वायर काढलेली. पहिलं व्हूडू२ एकटंच बसवा. विंडोजला ते 'पीसीआय मल्टिमीडिया व्हिडिओ डिव्हाइस' म्हणून सापडतं. ड्रायव्हर दिल्यावर ते डिस्प्ले अडॅप्टरमध्ये दिसत नाही, ध्वनी-व्हिडिओ-गेम कंट्रोलर या गटात जातं. तिथेच शोधा.

३. त्यावर अर्धा तास एखादा ग्लाइड खेळ ८०० × ६०० मध्ये चालवा. ठिपके, पट्टे, अडकणं, सगळं टिपून ठेवा.

४. ते काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरं कार्ड, तीच चाचणी. स्लॉट बदलला तर दोष कार्डाचा की स्लॉटचा हे कळत नाही.

५. दोन्ही पास झाली तरच एकत्र, केबलसह.

कार्डावर '१' आणि '२' अशी कागदी चिकटपट्टी लावा. पुढे कुठल्या कार्डात दोष आहे हे शोधताना तीच कामाला येते.

बायोसमध्ये 'प्लग अँड प्ले ओएस' नो ठेवा. बीएक्सच्या पुष्कळ बोर्डांवर एजीपीला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट एजीपीशीच इंटरप्ट वाटून घेतो, तो रिकामा सोडलेला बरा. जी४००चा पंखा किंवा हीटसिंकही मग मोकळा राहतो.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. एक उपप्रश्न: माझ्याकडे एक ८ एमबीचं आणि एक १२ एमबीचं आहे. जोडी होईल का?

---

टेक्सेल

@रात्रपाळी, मूळ ड्रायव्हरने त्यावर वेळ घालवू नका. फास्टव्हूडू२ ४.६ हा हौशी लोकांनी सुधारलेला ड्रायव्हर मिसळीच्या जोड्या चालवतो, वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डंही. पण १२ एमबीचं कार्ड मग ८ एमबीसारखंच वागतं.

कारण टेक्स्चरची (पृष्ठभागांवर चढवायच्या नक्षीची) मेमरी एसएलआयमध्ये दुप्पट होत नाही. १२ एमबीच्या कार्डावर ४ एमबी फ्रेम बफरची आणि दोन टेक्स्चर चिपांची प्रत्येकी ४ एमबी. ८ एमबीच्या कार्डावर फ्रेम बफर तेवढाच, टेक्स्चर मात्र प्रत्येकी २ एमबी. दोन्ही कार्डांना अख्खं दृश्यच काढायचं असतं, फक्त एकाआड एक ओळी. म्हणून तीच टेक्स्चरं दोन्हीकडे भरावी लागतात. १२ ची जोडी २४ एमबीची म्हणून विकली जाते, पण खेळाला टेक्स्चरसाठी मिळतात ८ च.

'क्वेक २'च्या काळातल्या खेळांना ८ एमबीची जोडी पुरते. 'अनरिअल टूर्नामेंट'सारख्या १९९९च्या खेळांत टेक्स्चर मेमरी कमी पडली की वळताना झटका बसतो, कारण टेक्स्चर पीसीआयवरून पुन्हा ओढावं लागतं. तेव्हा दुसरं १२ एमबीचं मिळेपर्यंत थांबावं असं माझं मत. पैसे दोनदा जात नाहीत.

---

ग्लाइडगुरव

शोधताना एक काळजी घ्या. 'एसएलआय' टाकलं की निम्मी माहिती एनव्हिडियाच्या एसएलआयची येते. थ्रीडीएफएक्सचं १९९८चं एसएलआय म्हणजे स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, ओळींची वाटणी. डिसेंबर २०००मध्ये एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता घ्यायचं जाहीर केलं आणि २००४मध्ये तीच तीन अक्षरं पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डांसाठी वेगळ्या अर्थाने आणली. तिथले पूल, तिथले ड्रायव्हर, तिथले सल्ले इथे लागू नाहीत.

दुसरं, एजीपीमध्ये व्हूडू३ आणि जोडीला व्हूडू२ असा बेत असेल तर ग्लाइडच्या फायली भांडतात. दोघांचीही फाइल 'ग्लाइड२एक्स.डीएलएल' याच नावाची आणि दोघांनाही ती विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्येच हवी. शेवटी बसवलेला ड्रायव्हर आधीची फाइल पुसतो. लक्षण: कालपर्यंत व्हूडू२वर चालणारा खेळ आज व्हूडू३वर उघडतो.

उपाय सोपा. व्हूडू२चा ड्रायव्हर बसवल्या-बसवल्या ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. मग व्हूडू३चा बसवा. जे खेळ व्हूडू२वर चालवायचे त्यांच्या फोल्डरमध्ये, मुख्य ईएक्सई फाइलच्या शेजारी, जपलेली प्रत टाका. विंडोज आधी खेळाच्या फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टममध्ये. 'ग्लाइड३एक्स.डीएलएल'चंही तसंच.

धागाकर्त्याचा जी४०० ग्लाइड जाणतच नाही, त्यामुळे हा त्रास नाही. डायरेक्ट३डीत मात्र लक्ष ठेवा. खेळात कार्ड निवडायची सोय नसेल तर तो गुपचूप मुख्य कार्डावर, म्हणजे जी४००वर चालतो आणि एसएलआय रिकामं बसतं.

---

बीएक्स४४०

सगळ्यांचे आभार. पीळ मध्येच होता. १० सेंटिमीटरची नवी केबल दाबली, ३४ पिना तपासल्या. आता १०२४ × ७६८ दिसतं, चालतं.

पण नवी अडचण: भिंती आणि जमिनीवर रंगीत ठिपक्यांच्या आडव्या रेघा, एकाआड एक ओळीत. वस्तूंचे आकार बरोबर आहेत. चिंतामणींचा क्रम पाळला नव्हता, दोन्ही कार्डं एकदमच बसवली होती.

---

कथिल_आणि_फ्लक्स

एकाआड एक ओळ म्हणजे एका कार्डात दोष आहे आणि दुसरं ठणठणीत आहे. कुठलं ते आत्ता कळेल: दोन्ही कार्डांच्या जागा आपसात बदला. ठिपके सम ओळींवरून विषम ओळींवर गेले तर दोष कार्डाबरोबर गेला. एकट्याने चालवून खात्री करा.

आकार बरोबर आणि फक्त पृष्ठभाग खराब, म्हणजे फ्रेम बफरची बाजू शाबूत आहे, टेक्स्चरच्या बाजूला गडबड आहे. व्हूडू२वर तीन मोठ्या चिपा: एक पिक्सेलएफएक्स२ आणि दोन टेक्सेलएफएक्स२. ठिपके भिंतीच्या मूळ नक्षीवर असतील तर एक टेक्सेलएफएक्स२, फक्त प्रकाश-सावलीच्या थरावर असतील तर बहुधा दुसरी. ठिपके पडद्यावर एकाच जागी चिकटून असते, कुठेही वळलं तरी न हलणारे, तर फ्रेम बफरची मेमरी बघायला सांगितलं असतं.

आणि या कार्डांत चिप जळण्यापेक्षा पाय उचलला जाणं जास्त आढळतं. चिपांचे पाय केसासारखे बारीक, चारही बाजूंनी उघडे. कार्ड पिशवीत दुसऱ्या कार्डावर घासलं की कोपऱ्याचे दोन-तीन पाय वाकतात किंवा पॅडवरून सुटतात.

तपासायची पद्धत: १० पटीचं भिंग घ्या. टेबल लॅम्प वरून नको, बाजूने जवळजवळ आडवा ठेवा. नीट बसलेल्या पायाच्या टाचेशी कथिलाची चमकती उतरण दिसते. सुटलेल्या पायाखाली काळी फट दिसते. मग शिवणाची सुई घेऊन प्रत्येक पाय बाजूने अगदी हलका ढकला. पक्का पाय हलत नाही, सुटलेला डुलतो. चारही बाजू करा, एक सापडला म्हणून थांबू नका. मेमरीच्या छोट्या चिपांचे पायही बघा.

दुरुस्ती: पायावर फ्लक्सचा थेंब. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३४० अंशांवर. १९९८चं कथिल शिशाचंच आहे, त्याहून जास्त तापवायची गरज नाही. टूथपिकने पाय पॅडवर दाबून धरा, इस्त्री एक-दोन सेकंद टेकवा, आधी इस्त्री उचला आणि कथिल गोठल्यावरच टूथपिक. नवं कथिल घालू नका, पॅडवर असलेलंच पुरतं, जास्त घातलं की शेजारच्या पायाशी पूल होतो. झाला तर फ्लक्स लावलेल्या तांब्याच्या जाळीने शोषून घ्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा.

वाकलेला पाय सरळ करताना एकाच हालचालीत करा. तीन-चार वेळा मागेपुढे केला की तो मुळाशी तुटतो, आणि मग कार्ड वाचवणं फार अवघड.

---

पीसीआय_३३

इस्त्री हातात घेण्याआधी कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने पुसून बघा. पेन्सिलचं पांढरं खोडरबर, शाईचं खरखरीत नको, त्याने सोन्याचा मुलामा जातो. कणी ब्रशने झाडा आणि अल्कोहोलने पुसा. कोकणात किंवा मुंबईत पडून राहिलेल्या कार्डांवर दमटपणाने थर बसतोच.

शिवाय 'मोजो' ही छोटी डायग्नोस्टिक फाइल चालवा. ती फ्रेम बफर किती, प्रत्येक टेक्स्चर चिपची मेमरी किती आणि एसएलआय सापडलं की नाही हे दाखवते. एका टेक्स्चर चिपची मेमरी ४ ऐवजी २ दिसली तर कुठल्या बाजूचे पाय तपासायचे तेही ठरलं.

---

बीएक्स४४०

जागा बदलल्यावर ठिपके दुसऱ्या ओळींवर गेले, म्हणजे कार्ड २. दात पुसून फरक नाही. मोजोत सगळे आकडे बरोबर. भिंगाखाली एका टेक्सेलएफएक्स२च्या कोपऱ्यातले दोन पाय सुटलेले सापडले, एक डुलत होता, दुसऱ्याखाली फट होती. दोन्ही बसवले. कार्ड २ एकटं ८०० × ६०० मध्ये स्वच्छ, जोडीत १०२४ × ७६८ स्वच्छ.

आता पॉवर आणि उष्णतेचं काय करायचं ते सांगा. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नवा ४५० वॉटचा आहे.

---

चिपसेट_चिंतामणी

वॉट बघू नका, लेबलवर ५ व्होल्टचे अँपिअर बघा. स्लॉट १ च्या बोर्डांवर प्रोसेसरची वीजही साधारण ५ व्होल्टमधूनच घेतली जाते, त्यात दोन पीसीआय कार्डांची भर. आजचे एसएमपीएस सगळी ताकद १२ व्होल्टवर देतात. स्वस्त एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ चं नियंत्रण एकत्र असतं. ५ वर भार आणि १२ रिकामं, असं झालं की ५ खाली बसतं आणि १२ वर चढतं.

खेळ चालू असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) लाल आणि काळ्या तारेत मोजा. ४.७५ ते ५.२५ ही हद्द, पण ४.९ च्या खाली गेलं तर मी दुसरा एसएमपीएस शोधेन. ५ व्होल्टला २५ अँपिअर असलेला घ्या.

उष्णता: कारखान्यातून या चिपांवर हीटसिंक नसायचे आणि एकट्या कार्डाला ते चालून जातं. जोडीत मात्र एका कार्डाचा चिपांचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लागून राहतो. केबल पुरत असेल तर मध्ये एक स्लॉट सोडा. ८० मिलिमीटरचा पंखा ७ व्होल्टवर, कार्डांच्या कडेकडून आडवी हवा जाईल असा. १२ व्होल्टची पिवळी आणि ५ ची लाल यांत पंखा जोडला की ७ मिळतात. वर तोंड करून लावलेला पंखा दोन कार्डांच्या फटीत हवा घालत नाही, म्हणून आडवाच. हीटसिंक लावायचेच तर थर्मल टेपने. इपॉक्सीने चिकटवले तर पुढे पायांची दुरुस्ती करता येणार नाही.

---

ग्लाइडगुरव

आणि प्रोसेसर जोडीला पुरतो का ते मोजून घ्या. 'क्वेक २'च्या कन्सोलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) टाइमडेमो १, मग मॅप डेमो१.डीएम२, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा मिळतो. एकदा ६४० × ४८० वर, एकदा १०२४ × ७६८ वर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर अडथळा प्रोसेसरचा, कार्डं वाट बघत बसली आहेत. मोठ्या आकारात आकडा चांगलाच पडला तर कार्डं पूर्ण कामाला लागली आहेत. त्याआधी ड्रायव्हरमध्ये व्हीसिंक बंद करा, नाहीतर मॉनिटरच्या रिफ्रेशवर आकडा अडतो आणि दोन्ही वेळा सारखाच येतो.

एलसीडी असेल तर १०२४ × ७६८ ला ६० हर्ट्झ ठेवा. सीआरटीवर ७५ किंवा ८५.

---

बीएक्स४४०

दोन तास चालवलं. मोलेक्सवर ४.९६ व्होल्ट. मध्ये एक स्लॉट सोडला, केबल १० सेंटिमीटरची असल्याने पुरली. पंखा ७ व्होल्टवर आडवा. टाइमडेमोत ६४० आणि १०२४ च्या आकड्यांत स्पष्ट फरक आहे, म्हणजे प्रोसेसर पुरतोय.

पुढे वाचणाऱ्यांसाठी: मूळ मांडणीतली केबलची ओळ चुकीची आहे, फ्लॉपीची केबल लावायची तर "मदरबोर्डकडचा आणि मधला कनेक्टर" वापरा.

---

रात्रपाळी

१२ एमबीचं दुसरं शोधतो. विकणाऱ्याकडून चिपांच्या चारही कोपऱ्यांचे बाजूच्या उजेडातले फोटो मागवायचे, बरोबर?

---

कथिल_आणि_फ्लक्स

हो. आणि एसएलआयच्या ३४ पिनांचा वरून एक फोटो. वाकलेली पिन सरळ होते, तुटलेली असेल तर ते कार्ड जोडीसाठी घेऊ नका.